मागे राहिलेल्यांचा अभ्यास

आपल्या राज्यातील बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांच्या दफ्तरात एक फाइल हमखास असते. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे प्राध्यापकांच्या बोलीतली 'नॅक', हिची समिती येण्याचे वर्ष जवळ आले की ही फाइल कपाटातून बाहेर निघते, तिच्यातील गहाळ कागदांची तजवीज होते, राहून गेलेल्या सह्या घेतल्या जातात आणि मग ती इतर पाचपन्नास फायलींच्या शेजारी, पांढऱ्या चादरीने झाकलेल्या लांब टेबलावर, अदबीने मांडली जाते. तिच्या पुठ्ठ्यावर 'स्लो लर्नर्स' अशी अक्षरे असतात. आत वर्गवार नावांची यादी, जादा तासांचे वेळापत्रक, हजेरीपट, दोनचार छायाचित्रे आणि शेवटी 'सदर उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या प्रगतीत लक्षणीय वाढ झाली' असा एका वाक्याचा अहवाल. महाविद्यालय विद्यार्थ्यांची आकलनपातळी तपासते काय आणि मागे पडणाऱ्यांसाठी व पुढे असणाऱ्यांसाठी निराळे कार्यक्रम योजते काय, असा प्रश्न परिषदेने आपल्या स्वयंमूल्यांकनाच्या नमुन्यात विचारलेला आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्याकडे प्रश्न सरकारी नमुन्यातून आला की उत्तरही नमुन्याबरहुकूमच जाते, आणि ज्याच्यासाठी तो विचारला गेला तो मुलगा दोन्ही कागदांच्या मध्ये कुठेतरी राहून जातो.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात ही फाइल मला एका प्राध्यापकांनी दाखवली तेव्हा त्यांच्या स्वरात अभिमान नव्हता, तशी खंतही नव्हती. होता तो केवळ एक काम पुरे केल्याचा सुटकारा. यादीतील एका मुलाशी नंतर कँटीनपाशी गाठ पडली. जादा तासांना जातोस का, असे विचारता तो जरासा हसला. "पहिल्या दिवशी गेलो होतो सर. पण त्या खोलीत बसलं की कॉरिडॉरमधून जाणाऱ्या सगळ्यांना कळतं, हे कोण ते. मग नाही गेलो." त्याचा विषय कोणता अडला होता, किती गुणांनी अडला होता आणि का अडला होता, याची चौकशी त्या तासाला कोणी केली नव्हती. तासाला काय शिकवले, तर वर्गात जे शिकवले होते तेच, थोड्या सावकाश आवाजात.

हा मुलगा काही अपवाद नव्हे. पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेणारी जी विद्यार्थिसंख्या आज खेड्यापाड्यांतून महाविद्यालयांकडे येते तिच्यातील फार मोठा वर्ग 'ए.टी.के.टी.' या चार अक्षरांशी पहिल्याच सत्रात परिचित होतो. एखाददुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देणारी, म्हणजेच विद्यार्थ्याला सत्र चालू ठेवण्याची मुभा देणारी ही सवलत मुळात दयाबुद्धीतून जन्मली आणि तिने असंख्यांचे वर्ष वाचवले हे खरेच. परंतु सवलतीचा एक अंगभूत दोष असा की ती अपयशाला तहकूब करते, त्याचा निकाल लावीत नाही. पहिल्या सत्राचा विषय तिसऱ्या सत्रापर्यंत ओझ्यासारखा पाठीवर राहतो. त्यात तिसऱ्याचा नवा विषय त्याच पहिल्याच्या पायावर उभा असेल, आणि गणितात, लेखाशास्त्रात, भौतिकीत तो बहुधा असतोच, तर पायाच नसलेल्या भिंतीवर मजला चढवण्याचा प्रकार सुरू होतो. शिवाय निकाल लागतात केव्हा, हाही प्रश्न आहेच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, तो प्रसंग गाजला, कुलगुरूंचे पद त्यात गेले; पण लहान प्रमाणावर तीच गोष्ट इतरत्र दर सत्राला घडत असते आणि तिची बातमी होत नाही. पुढचे सत्र निम्मे सरल्यावर मागचे पेपर राहिल्याचे ज्याला कळते, त्याने चूक दुरुस्त करायची ती कोणत्या घडीला?

प्राध्यापकांच्या खोलीत या विषयाची चर्चा काढून पाहावी. चहाचा पहिला कप संपेपर्यंत चार कारणे पुढे येतात, आणि ती कोल्हापुरात येवोत, नांदेडात येवोत की ठाण्यात, बहुधा ह्याच क्रमाने येतात. मुलांना अभ्यासाची गोडीच उरलेली नाही (सारे लक्ष मोबाइलमध्ये), शाळेतून येतानाच पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, आणि दारिद्र्य. हे बोलणारी माणसे दुष्ट नसतात, कित्येकदा स्वतः त्याच परिस्थितीतून वर आलेली असतात, आणि प्रत्येक कारणात काही ना काही तथ्यही असते. परंतु ह्या चारही कारणांत एक सोय दडलेली आहे. चारही विद्यार्थ्याच्या ठायी आहेत किंवा त्याच्या घरी आहेत. एकही महाविद्यालयाच्या आवारात नाही.

मोबाइल वगळता नेमकी हीच चार कारणे सुमारे पन्नास वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या गणित विभागातून ऐकू आली होती, आणि ती खरी आहेत की नाहीत हे एका तरुण माणसाने पाहायचे ठरवले म्हणून त्याची हकीकत येथे जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. उरी ट्रीसमन हा तेथील संशोधक विद्यार्थी. कनिष्ठ वर्गांना शिकवण्यास मदत करणाऱ्या साहाय्यकांच्या प्रशिक्षणाचे काम त्याच्याकडे आलेले. कलनशास्त्राचा, म्हणजे आपण ज्याला कॅल्क्युलस म्हणतो त्याचा, पहिला अभ्यासक्रम तेथे विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक यांचे महाद्वार होता, आणि या दारातून कृष्णवर्णीय विद्यार्थी जवळजवळ आत जातच नव्हते. ट्रीसमनने मागील दहा वर्षांचा हिशेब काढला तेव्हा असे दिसले की हा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी साठ टक्क्यांना 'डी' किंवा 'एफ' ही तळची श्रेणी मिळत होती. हे विद्यार्थी कोण? आपापल्या शाळांतून पहिले आलेले, शिक्षकांचे लाडके, निवडून आणलेले. ट्रीसमनने सहकाऱ्यांची मते मागवली. बहुतेकांची उत्तरे त्या चार कोठ्यांत पडली.

तेव्हा त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि त्यांच्या मागे लागला. अक्षरशः मागे लागला, कारण प्रश्नावली वाटून घरी बसण्याऐवजी तो व त्याचे सोबती या मुलांच्या खोल्यांत, ग्रंथालयात, घरी, जेथे ती अभ्यास करीत तेथे जाऊन बसले. एकेक गृहीतक गळून पडत गेले. गोडी नाही म्हणावे तर ही मुले मोठा त्याग करून तेथपर्यंत आली होती. घरचे वातावरण म्हणावे तर कित्येक आईबापांनी मूल जन्मण्याआधीच ते विद्यापीठात जाणार हे ठरवलेले. उत्पन्नाचा श्रेणीशी मेळ बसेना. आणि पाया कच्चा म्हणावे तर शालान्त पातळीवरच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवलेली मुलेच कित्येकदा येथे साफ कोसळलेली आढळली.

मग फरक होता तो कशात? शिक्षकांनी सांगितले होते की वर्गातल्या एका तासामागे दोन तास अभ्यास करावा. कृष्णवर्णीय मुलांनी ते वाक्य प्रमाण मानले. आठवड्याचे आठ तास, इमानेइतबारे, खोलीचे दार लावून, एकट्याने. वीसपैकी अठरा जण वर्गातील दुसऱ्या कोणाबरोबर कधीच अभ्यासाला बसत नव्हते. शाळेत त्यांना तारून नेणारा गुण हाच होता, भोवतालच्या गलक्यापासून अलग राहून, कोणावर विसंबून न राहता, स्वतःच्या बळावर पुढे जाण्याचा. आणि तोच गुण येथे घात करीत होता. चिनी मुलेही आठदहा तास एकट्याने बसत, पण संध्याकाळी कोणाच्या तरी खोलीत जमत, जेवता जेवता उदाहरणे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुने पेपर सोडवत. एखादा थोरला भाऊ मध्येच येऊन प्रश्न विचारून जाई. एकूण भरत ते चौदा तास. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाला आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक असे: अमुक उदाहरण मला सुटले नाही तसे ते चौघांनाही सुटलेले नाही, तेव्हा दोष माझ्या बुद्धीचा नसून उदाहरणच अवघड आहे, हा केवढा दिलासा आहे हे ज्याने परीक्षेच्या आदल्या रात्री एकटे बसून पाहिले आहे त्यालाच कळेल. आठ तास घालणाऱ्या मुलाला तो दिलासा नव्हता. पेपर हाती आला की तो स्वतःविषयी एक फैसला करी आणि गप्प राही.

ट्रीसमनने यावर जी योजना उभी केली तिच्यातील चातुर्य असे की तिच्यात उपचाराचा वासही येऊ दिला नाही. नापासांचा वर्ग काढण्याऐवजी त्याने मानाच्या कार्यशाळा काढल्या. बोलावणे आले म्हणजे सन्मान झाला, असे वाटावे अशा. तेथे वर्गातले पुन्हा शिकवले जात नसे. नेहमीच्या पाठ्यपुस्तकाहून कठीण, नीट निवडून आणलेल्या उदाहरणांचा एक कागद पुढे ठेवला जाई आणि मुले लहान गटांत त्याच्याशी झुंजत. साहाय्यक खोलीत हिंडे, उत्तर न सांगता प्रश्न विचारी. पुढे ह्या कार्यशाळा पाहायला येणाऱ्यांना वाटे की सारे रहस्य गटात बसण्यात आहे. ट्रीसमनचे म्हणणे मात्र असे की खरा प्राण त्या उदाहरणांच्या कागदात होता, कारण उदाहरण सोपे असेल तर गटाला बोलण्यासारखे काही उरतच नाही. कार्यशाळेत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केवळ आपल्या समाजातील इतरांनाच नव्हे, तर वर्गातील गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांनाही मागे टाकले. १९९२ साली त्याला मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, तोवर त्याचे अनुकरण अनेक विद्यापीठांत सुरू झाले होते.

ही हकीकत वाचताना मला आपल्या अभ्यासिका आठवल्या. पुण्याच्या पेठांतून किंवा छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून फिरताना दर दोन इमारतींआड जिची पाटी दिसते ती ही संस्था: फळ्यांच्या आडोशांनी खुराड्यांसारख्या केलेल्या जागा, प्रत्येकीला एक दिवा, एक प्लग, आणि भिंतीवर 'शांतता राखा'. घरी जागा नसलेल्या मुलाला ती जागा म्हणजे वरदान आहे यात शंका नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे झोपल्यावर, पहाटे दोनला वडिलांनी उठवले म्हणजे अभ्यासाला बसणाऱ्या भीमराव आंबेडकरांच्या काळी अशी अभ्यासिका असती तर त्यांनीही तिचे स्वागतच केले असते. पण स्पर्धापरीक्षेसाठी घडलेली ही व्यवस्था, जेथे शेजारी बसलेला प्रत्येक जण आपला प्रतिस्पर्धी आहे, ती आता महाविद्यालयीन अभ्यासाचेच एकमेव चित्र होऊन बसली आहे, आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन मुली पुस्तकावर डोकी जोडून कुजबुजल्या तर ग्रंथपालांची ताकीद येते. बोलून अभ्यास करायला आवारात जागा कोठे आहे, असा प्रश्न मी काही ठिकाणी विचारला. उत्तर बहुधा 'पायऱ्यांवर' असे आले.

सुरुवातीच्या फायलीतील यादीकडे पुन्हा वळू: ती कोणाची करावी? अमेरिकेतच, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत, १९७३ साली डिआना मार्टिन या बाईंनी एक साधी युक्ती केली. धोक्यातले विद्यार्थी शोधण्याऐवजी त्यांनी धोक्याचे विषय शोधले. ज्या अभ्यासक्रमात तीसएक टक्के विद्यार्थी तळच्या श्रेणीत जातात किंवा मधेच सोडून देतात, तो अभ्यासक्रम यादीवर घ्यायचा, आणि त्याच्यासाठी, वर्गातील कोणालाही येता येईल असे, आठवड्याचे ठरावीक पूरक तास ठेवायचे. तो तास घेणारा प्राध्यापक नसतो. तोच विषय आदल्या वर्षी चांगल्या रीतीने पार केलेला विद्यार्थी असतो, जो सर्व व्याख्यानांना पुन्हा बसतो, वही काढतो, आणि नंतर इतरांबरोबर त्या वहीवर काम करतो. खोलीत हुशारही येतात आणि अडखळणारेही. दारावरून जाणाऱ्याला कोण कशासाठी बसले आहे हे कळण्याचा संभवच नाही. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, 'एम थ्री'ने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, किती जणांचे वर्ष खाल्ले हे तो बोटांवर सांगेल. वाणिज्य शाखेत विचारा, तो विषय लेखाशास्त्र किंवा संख्याशास्त्र निघेल. विषयवार निकालाचे तक्ते प्रत्येक परीक्षा विभागात पडलेले असतात आणि त्यांवरून अशी यादी करायला एक दुपार पुरे. तरी ती कोठे केलेली मी पाहिली नाही, याचे कारण उघड आहे. विषयांची यादी लावली की बोट विद्यार्थ्याकडून अभ्यासक्रमाकडे आणि अध्यापनाकडे वळते.

आता अभ्यास करणे म्हणजे मुले नेमके काय करतात, हेही पाहायला हवे, कारण सोबत मिळाली तरी सोबतीने काय करायचे हा प्रश्न उरतोच. परीक्षेला पंधरा दिवस राहिले की झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांग लागते. 'आय.एम.पी.' म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांची यादी, तिच्या आधारे काढलेले गाइड, आणि त्या गाइडवर पिवळ्या नि हिरव्या शाईचे पट्टे. मग वाचन: एकदा, दोनदा, चौथ्यांदा. हे चौथे वाचन फार फसवे असते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते, शेकडा ८३ विरुद्ध ७१. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होते आणि लिहिणाऱ्यांना ६१. २०१३ मध्ये जॉन डन्लॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींची छाननी केली, तीत पुनःपुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा मारणे यांना खालचे स्थान मिळाले, आणि स्वतःची परीक्षा घेणे व अभ्यास दिवसांवर वाटून करणे या दोहोंनाच काय ते वरचे.

आपल्या जुन्या पिढीला यात नवे काही वाटणार नाही. पाटीवर लिहून पुसायचे, गुरुजींसमोर उभे राहून म्हणून दाखवायचे, आठवड्याने पुन्हा म्हणायचे, हे सारे तेथे होतेच. घोकंपट्टीचा निषेध करताना आपण घोकणे तर टिकवले आणि म्हणून दाखवणे मात्र टाकून दिले, असे माझे मत आहे. आज पदवीच्या मुलाला तोंडी कोणी काही विचारतच नाही. 'व्हायवा' हा एक वार्षिक भयप्रसंग उरला आहे. आणि अंतर्गत गुणांसाठीची चाचणी ही शिकण्याचे साधन न राहता सबमिशनची एक पावती झाली आहे: पेपर गोळा होतो, गुण संकेतस्थळावर चढतात, तपासलेला कागद विद्यार्थ्याच्या हातात परत येतोच असे नाही.

इथवर जे सांगितले त्यावर एक आक्षेप येईल, आणि तो यावाच. ज्याच्या पोटाची आणि प्रवासाची भ्रांत आहे त्याला गटात बसवून काय होणार? बीड जिल्ह्यातील कित्येक मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळी सत्राची परीक्षा नेमकी ह्या काळात येते, आणि घरातला थोरला मुलगा किंवा मुलगी म्हातारीकोतारी, धाकटी भावंडे आणि दावणीची जनावरे सांभाळत एकीकडे पेपर देत असते. तिच्या हजेरीचे पंच्याहत्तर टक्के कसे भरायचे? २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप कित्येक महिने चालला, तेव्हा खेड्यातील किती मुलांचे सत्र गेले याचा जमाखर्च कोणी मांडला नाही. सकाळची एक गाडी चुकली म्हणजे पहिले दोन तास बुडाले, हे मात्र संप नसतानाही खरे असते. शालेय मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. ज्या वर्षी महाविद्यालय घरापासून अधिक लांब जाते त्याच वर्षी तो थांबतो.

या बाबतीत न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाचा अनुभव बोलका आहे. २००७ साली तेथील दोन वर्षांच्या पदविकेसाठी 'अ‍ॅसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात पूर्णवेळ शिक्षणाची अट होती, फीमधील तूट भरून निघे, पुस्तके मिळत, सोयीच्या वेळापत्रकाचे एकत्र तास मिळत, आणि शेकड्यांनी विद्यार्थी सांभाळणाऱ्या सल्लागाराऐवजी साठ ते ऐंशी विद्यार्थ्यांमागे एक असा सल्लागार मिळे, ज्याला ठरावीक वेळी भेटावेच लागे. भेटलात की त्या महिन्याचा भुयारी रेल्वेचा आणि बसचा पास हातात. पायाभूत विषयांत कच्च्या ठरलेल्या मुलांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा अहवाल २०१५ साली आला: तीन वर्षांत पदविका पुरी करणारे कार्यक्रमाबाहेर शेकडा २२, कार्यक्रमात शेकडा ४०. कोणतीही एक गोष्ट अद्भुत नव्हती. परंतु पैसा, प्रवास, पुस्तक आणि ओळखीचा माणूस ही चारही निराळ्या खात्यांची कामे मानून चार खिडक्यांवर न वाटता एकाच माणसाच्या हाती दिली होती.

हे न्यूयॉर्कने शोधून काढले असे मानण्याचे कारण नाही. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पाठोपाठ शाहू महाराजांच्या आश्रयाने नाना जातींची वसतिगृहे निघाली, त्यामागे हाच विचार होता की शाळा उघडून भागत नाही, शाळेपर्यंत पोचणाऱ्या मुलाच्या रात्रीची व्यवस्था लागते. ज्यांचे स्वतःचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले त्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापली, पाच वर्षांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, आणि ते चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने कसे गेले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यास निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय तर श्रमाच्या मोबदल्यात मोफत शिक्षण या तत्त्वावरच उभे होते. या वसतिगृहांचे वर्णन करताना आपण त्यागाविषयी आणि समतेविषयी पुष्कळ बोलतो, ते योग्यच. पण एक व्यावहारिक गोष्ट अनुल्लेखित राहते. एका कंदिलाभोवती चार मुले बसत. वरच्या इयत्तेतला खालच्याला गणित समजावून देई, कारण दुसरा कोणी नव्हताच. आणि समजावून देताना त्याचेही पक्के होई. दारिद्र्याने लादलेली ही रचना ट्रीसमनच्या कार्यशाळेच्या किती जवळ जाते! १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मराठवाड्यात महाविद्यालय काढले, पुढे ज्याचे नाव मिलिंद झाले, तेथेही वसतिगृह हे अध्यापनाइतकेच महत्त्वाचे अंग होते. आज सरकारची वसतिगृहे आहेत, त्यांत जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजनेसारखे निर्वाहभत्ते आहेत आणि ते आवश्यक आहेत. पण भत्ता घेऊन शहरातील चौथ्या मजल्यावरच्या कॉट बेसिसच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला कंदिलाभोवतीचे तिघे मिळत नाहीत.

नापासांची चर्चा निघाली की कोणीतरी गणिती रामानुजनचे नाव काढतो: कुंभकोणमला त्याची शिष्यवृत्ती गेली, मद्रासला तो परीक्षा नापास झाला, तरी काय अडले? या दाखल्याचा मला कंटाळा आहे. प्रतिभावंताच्या नापास होण्याने सामान्य मुलाच्या नापास होण्यावर काहीच प्रकाश पडत नाही. उलट ज्याला चाळीस गुणांची नड आहे त्याला आपण एक दंतकथा देऊन वाटेला लावतो.

प्राध्यापकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अनेक महाविद्यालयांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील तरुण माणसे वाहत आहेत, ज्यांना शिकवलेल्या घड्याळी तासाचेच मानधन मिळते, ते मानधनही वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते, आणि जे संध्याकाळी दुसऱ्या महाविद्यालयाकडे धावतात. त्यांनी संध्याकाळी थांबून मुलांच्या गटात हिंडावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. कायमच्या सेवेतील प्राध्यापकाला वेळ आहे असे मानावे, तर त्याचा वेळ वर सांगितलेल्या फायली खातात. एका विभागप्रमुखांनी मला सांगितले, "मेंटॉर-मेंटीचा फॉर्म भरायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात मी चार पोरांशी बोललो असतो." त्यांच्या वाट्याला साठ मेंटी होते. त्यांतील कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलेच नव्हते.

म्हणून मला ज्या योजनेत खरी शक्यता दिसते ती आपल्या विद्यापीठांत आधीच अस्तित्वात आहे. पुणे विद्यापीठात भाऊरावांच्याच नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. इतर विद्यापीठांतही ह्या ना त्या नावाने आहे. गरजू विद्यार्थी दररोज काही तास काम करतात आणि तासाप्रमाणे मेहनताना घेतात: ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, बागेला पाणी घालणे. कामात कमीपणा नाही. पण तृतीय वर्षातला जो मुलगा लेखाशास्त्राचा पेपर उत्तम सोडवून पुढे गेला आहे आणि ज्याला महिन्याच्या मेसचे पैसे हवे आहेत, त्याला बागेऐवजी पहिल्या वर्षाच्या त्याच विषयाच्या पूरक तासाला बसवले तर मेहनताना तितकाच पडेल, प्राध्यापकाकडे काम उरेल ते उदाहरणांचा कागद काढण्याचे आणि आठवड्यातून एकदा त्या मुलाशी बोलण्याचे, आणि खोली म्हणाल तर दुपारी दोननंतर निम्मे वर्ग रिकामे असतात. त्यासाठी नवे फर्मान नको, अनुदानाची दरखास्तही नको. योजनेच्या मासिक हजेरीपटावर 'कामाचे स्वरूप' असा एक रकाना असतो; त्यात आजवर जे लिहीत आलो त्याखेरीज आणखी एक नोंद करायला हरकत आहे काय, असे मी दोनतीन प्राचार्यांना विचारले. एकांनी विद्यापीठाला पत्र लिहून मार्गदर्शन मागवतो असे सांगितले. दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी लगेच शिपायाला हाक मारून मागच्या तीन वर्षांचे विषयवार निकाल मागवले, आणि प्रथम वर्ष वाणिज्याचा तक्ता पुढे ओढून, नापासांच्या आकड्यांवर पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली.